अडीच हजार एकरांत मावलेली जात

2019 च्या जूनमध्ये टिपेश्वरच्या जंगलातून एक तरुण वाघ बाहेर पडला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा माग राहिला. पुढच्या नऊ महिन्यांत हा गडी महाराष्ट्राचे सात जिल्हे आणि शेजारच्या तेलंगणाचा काही भाग तुडवत सुमारे 3,000 किलोमीटर चालला. वाटेत नद्या, नाले, हायवे, तुरी-कापसाची वावरं सगळं ओलांडून तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. टिपेश्वरचं क्षेत्र 148.63 चौरस किलोमीटर. एका वाघाला ते पुरलं नाही.

त्याच टिपेश्वरच्या जिल्ह्यातून, यवतमाळहून, नैर्ऋत्येला सरळ रेघ ओढली तर साधारण साडेसहाशे किलोमीटरवर आंबोली लागते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडीच्या वर, घाटमाथ्यावर. तिथे दुसरा एक पट्टेरी प्राणी राहतो. अंग पिवळसर तपकिरी, त्यावर काळपट आडवे पट्टे, लांबी तीन-चार सेंटीमीटर. हा आंबोली टोड. शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायगरिना. 2009 साली सत्यभामा दास बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली, तोवर विज्ञानाच्या दप्तरी हा प्राणी नव्हताच. आणि नोंद झाली तेव्हा कळलं की ही अख्खी जात, पृथ्वीच्या पाठीवर जेवढे म्हणून आंबोली टोड आहेत तेवढे सगळे, एका आंबोलीच्या परिसरात राहतात. त्यांनी प्रत्यक्ष व्यापलेली जागा 10 चौरस किलोमीटरपेक्षा कमी धरली गेली. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘अतिसंकटग्रस्त’ असा शेरा आहे.

10 चौरस किलोमीटर म्हणजे नेमकं किती? एकरात सांगायचं तर 2,471 एकर. विदर्भात एखाद्या मोठ्या गावाचं शिवार एवढं सहज भरतं. टिपेश्वर अभयारण्यात असे 14 तुकडे बसतील. यवतमाळ जिल्ह्याचं क्षेत्रफळ 13,582 चौरस किलोमीटर आहे, त्यात 1,358 बसतील. साऱ्या जगाच्या जमिनीचे असे तुकडे पाडले तर ते दीड कोटीच्या घरात जातात. त्या दीड कोटींपैकी एका तुकड्यावर या बेडकाचं जन्मणं, गाणं, जोडी जमवणं, मरणं असं सगळं चालतं. त्या तुकड्याबाहेर तो जगात कुठेही नाही. त्याचा एकुलता एक सख्खा नातेवाईक, कोयना टोड, उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर राहतो. त्याची नोंद 1963 सालची. या गटात जगभरात एवढे दोनच सदस्य आहेत आणि दोघेही महाराष्ट्राच्या सह्याद्रीत.

लहान बेडूक म्हटलं की आपण त्याची लांबी विचारतो. मला त्याच्या लांबीपेक्षा त्याच्या मुलखाची लांबी-रुंदी जास्त चक्रावून टाकते. पण या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून आधी लांबीचं बघू.

यवतमाळच्या वावरात पावसाळ्यात दिसणारा मोठा भारतीय बेडूक 16 सेंटीमीटरपर्यंत वाढतो. त्याच्या बरोबर दहाव्या हिश्शाचा, म्हणजे 1.6 सेंटीमीटरचा, बेडूक मनात धरा. लांबी दहापट कमी झाली, पण कातडीचं क्षेत्रफळ शंभरपट कमी होतं आणि वजन हजारपट. म्हणजे प्रत्येक ग्रॅम वजनामागे या छोट्याच्या वाट्याला मोठ्याच्या दहापट कातडी येते. बेडकाची कातडी ही नुसतं आवरण नाही. तो तिच्यातून श्वास घेतो आणि पाणीही तिच्यातूनच पितो. बेडूक सहसा तोंडाने पाणी पीत नाही. ज्या कातडीतून पाणी आत येतं, तिच्यातूनच ते बाहेरही जातं. दहापट कातडी म्हणजे वाळून जाण्याचीही दहापट घाई. मोठा बेडूक ज्या उन्हात थोडा वेळ तग धरेल, त्या उन्हात हा छोटा पाहता पाहता सुकेल.

मग असा जीव राहणार कुठे? जिथे हवाच ओली आहे तिथे. आंबोलीत वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. यवतमाळात 900 ते 1,000. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास 4,047 लिटर पाणी. या हिशेबाने यवतमाळच्या एका एकरावर वर्षाकाठी 36 ते 40 लाख लिटर पाणी पडतं आणि आंबोलीच्या एकरावर 2 कोटी 80 लाख लिटर. पावसाळ्याचे चार महिने तिथे धुकं झाडांच्या अंगाला चिकटून असतं, शेवाळ पिळलं तर पाणी गळतं. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळ-पठारावर, बोट बुडेल न बुडेल अशी डबकी साचतात आणि आंबोली टोडची मादी त्या डबक्यांत अंडी घालते. तिच्या पिल्लांचं सगळं बालपण त्या उथळ पाण्यात जातं.

म्हणून जगातले अगदी लहान बेडूक बहुतेक करून उष्ण प्रदेशातल्या ओल्या जंगलांत सापडतात, त्यातले कितीतरी डोंगरांवर, पालापाचोळ्याखाली. आपल्याच पश्चिम घाटात, केरळच्या वायनाडमध्ये, 2007 साली नायक्टिबॅट्रेकस मिनिमस नावाचा रात्रबेडूक नोंदवला गेला. त्याची लांबी जेमतेम एक-सव्वा सेंटीमीटर. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 2017 मध्ये, सोनाली गर्ग आणि बिजू यांच्या चमूने केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांतून आणखी सात रात्रबेडूक जाहीर केले. त्यातले चार 12.2 ते 15.4 मिलिमीटरचे. पाच वर्षांच्या शोधातून ते हाती लागले. हे बेडूक दुर्मीळ होते म्हणून राहून गेले असंही नाही. त्या भागात ते बऱ्यापैकी संख्येने होते. पण दीड सेंटीमीटरच्या बेडकाकडे पाहून कुणालाही ते पिल्लूच वाटणार, आणि त्याचा आवाज रातकिड्याच्या आवाजात मिसळून जाणार.

जगाचा विक्रम मात्र ब्राझीलकडे आहे. तिथल्या बाहिया राज्यातल्या डोंगरमाथ्यांवरच्या जंगलात ब्रॅकिसेफॅलस प्युलेक्स हा बेडूक राहतो. 2024 मध्ये नोंदवलेला त्याचा सर्वांत लहान प्रौढ नर 6.45 मिलिमीटरचा निघाला. तुरीच्या दाण्यापेक्षा जरासाच मोठा. त्या एवढ्याशा देहात हृदय आहे, डोळे आहेत, पाठीचा कणा आहे, यकृत आहे. आपल्या 16 सेंटीमीटरच्या बेडकाच्या मानाने तो लांबीला पंचविसावा हिस्सा आहे. पंचवीसचा घन करा, 15,625 येतात. म्हणजे एका मोठ्या बेडकाच्या वजनात ढोबळमानाने पंधरा हजार असे बेडूक बसावेत.

इतकं लहान होण्याची किंमतही मोजावी लागते. या ब्राझिली गटातल्या बेडकांना उडी मारता येते, पण नीट उतरता येत नाही. हवेत ते कोलमडतात आणि पाठीवर किंवा डोक्यावर आपटतात. 2022 साली संशोधकांनी यामागचं कारण मांडलं. तोल सांभाळायला कानाच्या आत ज्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या या बेडकांत इतक्या अरुंद झाल्या आहेत की आतला द्रव नीट हलतच नाही. प्रौढ पृष्ठवंशी प्राण्यांत मोजलेल्या या सर्वांत लहान नळ्या. देह लहान करता येतो, पण द्रवाचे नियम त्याच्यासोबत लहान होत नाहीत.

अंड्यांचा हिशेबही बदलतो. मोठा बेडूक डबक्यात हजारोंनी अंडी सोडून मोकळा होतो. सह्याद्रीतले झुडपी बेडूक, ज्यांना राऊर्चेस्टिस म्हणतात, ते अशी उधळण करूच शकत नाहीत. दोन-तीन सेंटीमीटरच्या मादीच्या पोटात मावणार किती? ती पानावर, पाल्यात किंवा मातीत मोजकी, पण टपोरी अंडी घालते. त्यांतून शेपटीचं पिल्लू बाहेर पडत नाही. पाण्यातली सगळी अवस्था अंड्याच्या आतच उरकते आणि चार पायांचा तयार बेडूक बाहेर येतो. या गटाचं नाव बंगळुरूचे बेडूक-अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्या नावावरून 2010 साली ठेवलं गेलं. त्यातला एक, राऊर्चेस्टिस घाटेई, खास आपला. 2013 साली आनंद पाध्ये, अमित सय्यद, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी तो महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून नोंदवला आणि पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांचं नाव त्याला दिलं.

यवतमाळात असे डोंगर नाहीत, असं धुकंही नाही. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तरी मृगाचा पहिला दणका बसला की त्याच रात्री वावराच्या धुऱ्यावर, नाल्याच्या काठाला, पांदणीतल्या चाकोरीत बेडकांचा गलका उठतो. हे आले कुठून? बरेचसे जमिनीतूनच. बिळात राहणाऱ्या बेडकाच्या मागच्या पावलाला आतल्या बाजूने एक कडक, धारदार उंचवटा असतो, कुदळीच्या पात्यासारखा. तो मागे सरकत सरकत जमिनीत शिरतो आणि वर्षातला मोठा काळ तिथे निपचित पडून काढतो. मोठ्या बेडकाचा नर एरवी हिरवट-तपकिरी असतो, पहिल्या पावसात तो लिंबासारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. पाऊस लांबला की कडुनिंबाच्या डहाळ्यांत बेडूक बांधून, दारोदारी अंगावर पाणी घेत धोंडी मागत फिरणारी पोरं विदर्भाने पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत. पावसाचा निरोप द्यायचा तर तो बेडकाकरवी, एवढा विश्वास त्यामागे होता.

आता याच धुऱ्यावरच्या तीन बेडकांकडे वेगळ्या नजरेने बघा. अंगावर गाठी असलेला साधा टोड, डबक्याच्या काठचा दोन-अडीच सेंटीमीटरचा इवला मायक्रोहायला, आणि तो मोठा पिवळा बेडूक. 2017 साली बेडकांच्या 156 जातींची 95 जनुकं तपासून एक वंशावळ मांडली गेली. त्यातून दिसलं की आज जगात असलेल्या बेडकांपैकी जवळपास 88 टक्के जाती तीनच घराण्यांतून आल्या आहेत आणि ती तिन्ही घराणी डायनोसॉर संपले त्या सुमाराला, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, फोफावली. साधा टोड पहिल्या घराण्यातला, मायक्रोहायला दुसऱ्यातला, मोठा बेडूक तिसऱ्यातला. जगातल्या बेडकांचा सारा पसारा ज्यांनी उभा केला, ती तिन्ही घराणी यवतमाळच्या एकाच धुऱ्यावर, एकाच रात्री ओरडत असतात. आंबोली टोड त्यातल्या पहिल्या घराण्याचाच.

आणि जमीन? तीही त्याच वेळची. वणीकडचा कोळशाचा आणि चुनखडीचा पट्टा सोडला तर यवतमाळ जिल्ह्याचा बराच मोठा भाग लाव्ह्याच्या काळ्या खडकावर उभा आहे. हा लाव्हा 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आगेमागे थरावर थर पसरत गेला. आजही त्याचा विस्तार पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरवर जाते. 2021 साली वणी-पांढरकवडा भागात शिबला-पार्डीजवळ रस्त्याच्या कामात दगडी खांब उघडे पडले, ते याच लाव्ह्याचे. कापसाची काळी माती याच खडकाची झीज आहे. सह्याद्रीचे कडेही याचेच. म्हणजे यवतमाळचा धुरा आणि कोयनेचं खोरं यांच्याखाली एकच खडक आहे, आणि त्या दोन्हींवर ओरडणारी घराणी त्या खडकाच्या वयाची आहेत.

दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांततेत बेडूक जगत होते याचा पुरावा मुंबईत आहे. वरळीच्या टेकडीतल्या लाव्हाथरांमध्ये दबलेल्या गाळाच्या खडकांत बेडकांचे जीवाश्म सापडले. ‘डायनोसॉर’ हा शब्द जगाला देणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी 1847 साली त्यांचं वर्णन केलं. पुढे 1930 मध्ये त्याला इंडोबॅट्रेकस हे नाव मिळालं. तोही लहानखुराच बेडूक. आजूबाजूला लाखो चौरस किलोमीटर मुलूख लाव्ह्याखाली जात होता आणि हा एवढासा जीव वरळीच्या दलदलीत पिढ्या काढत होता.

इतक्या जुन्या मंडळींची अजून किती ओळख व्हायची आहे, याचं एक उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या हुंबरळीचं. कोयनेच्या परिसरातल्या या गावाजवळ ओढ्याकाठी बॉम्बे नाइट फ्रॉग राहतो, पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचं नाव लाभलेला नायक्टिबॅट्रेकस हुमायुनी. त्याची नोंद 1955 सालची, म्हणजे तो काही अनोळखी नव्हता. संशोधकांनी पावसाळ्यात चाळीस रात्री ओढ्यावर बसून त्याच्या जोड्या पाहिल्या. बहुतेक बेडकांत नर मादीला पाठीमागून घट्ट मिठी मारतो. इथे नर ओढ्यावर झुकलेल्या पानावर बसून साद घालतो, मादी जवळ येते, तो तिच्या पाठीवर चढतो, पण तिला धरत नाही. हात पानावर किंवा डहाळीवर टेकवतो, शुक्रद्रव्य तिच्या पाठीवर सोडतो आणि उतरून निघून जातो. मादी त्यानंतर अंडी घालते आणि पाठीवरून ओघळलेल्या द्रवाने ती फळतात. बेडकांच्या मीलनाचे सहा प्रकार तोवर माहीत होते. 2016 साली जगापुढे आलेला हा सातवा. जगात तेव्हा बेडकांच्या साडेसहा हजारांवर जाती ज्ञात होत्या, आणि हा सातवा प्रकार साताऱ्यातल्या एका ओढ्यावर निघाला. या चमूतही वरद गिरी होते. एवढंच नाही, तर या बेडकाची मादीही ओरडते, जे बेडकांत फारच थोड्या जातींत दिसतं.

मोठ्या आणि छोट्या बेडकांची संपण्याची रीत वेगवेगळी असते, हे मला महत्त्वाचं वाटतं. मोठ्या बेडकाला माणूस डोकी मोजून संपवतो. 1981 या एका वर्षात भारतातून 4,000 टनांहून अधिक बेडकांच्या तंगड्या परदेशी ताटांसाठी गेल्या. 1987 मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. मोठा बेडूक त्यातून सावरू शकला, कारण त्याचा मुलूख दक्षिण आशियाभर होता. एका जिल्ह्यात संपला तर शेजारच्यातून येणार. आंबोली टोडला शेजारचा जिल्हाच नाही. त्याला कुणी मारायचीही गरज पडत नाही. एक सडा सपाट झाला, एका रस्त्यावर पावसाळी रात्री गाड्यांची रांग लागली, दोन-चार वर्षं पाऊस रुसला, की हिशेब बदलला. 2023 साली उभयचरांच्या 8,011 जातींचा जगभराचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात जवळपास 41 टक्के जाती संकटात आहेत असं आढळलं. पक्ष्यांत हे प्रमाण तेव्हा 13 टक्क्यांच्या आसपास आणि सस्तन प्राण्यांत 27 टक्क्यांच्या आत होतं.

तरीही लहान मुलखाची एक जमेची बाजू आहे. तो जपायला फार लागत नाही. वॉकरसारख्या वाघासाठी सात जिल्ह्यांचे रस्ते, कालवे, रेल्वे यांचा विचार करावा लागतो. आंबोलीतच हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या एका छोट्या माशासाठी 2021 साली सरकारने 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. सव्वापाच एकर फक्त. माशासाठी जे झालं ते सड्यावरच्या टोडसाठी होऊ शकतं, झालं पाहिजे.

आणि यवतमाळात? 2017 च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो माणसं दवाखान्यात पडली. ते विष पुष्कळांच्या अंगात कातडीतूनही गेलं. आता वर केलेला कातडीचा हिशेब पुन्हा धरा. अडीच सेंटीमीटरच्या बेडकाला ग्रॅममागे माणसापेक्षा ढोबळमानाने वीस-तीसपट कातडी असते, तीही ओली आणि पाणी पिणारी. ज्या फवाऱ्याने धडधाकट माणूस आडवा होतो, त्याचं धुवण पडलेल्या डबक्यात मायक्रोहायलाचं काय होत असेल ते सांगायला नको.

तेव्हा दोनच गोष्टी मागायच्या आहेत. फवारणी झाल्यावर पंप नाल्यात किंवा धुऱ्याकडच्या डबक्यात धुऊ नका. पाण्यापासून लांब, पडीत जागेवर धुवा. आणि पावसाळ्यात आंबोलीला गेलात, तर अंधार पडल्यावर घाटमाथ्याच्या रस्त्यावर गाडी हळू चालवा आणि सड्यावर गाडी चढवू नका. तिथल्या डबक्यात असलेली पिल्लं जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.